कंपनीचं पाणी

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं असायचं. नळाचं आणि कंपनीचं. नळाचं पाणी भांड्यांना, कपड्यांना, आंघोळीला, फार तर भात शिजवायला. प्यायला कंपनीचं. ह्यांच्या नोकरीची पहिली निम्मी वर्षं पिंपरीत गेली आणि कंपनी चाकणला हलल्यावर उरलेली चाकणला, पण सकाळी रिकामा कॅन घेऊन जायचं आणि शिफ्ट सुटली की भरून आणायचं हा नेम कधी चुकला नाही. कासारवाडीत आमच्या गल्लीत असे बरेच जण होते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारा माणूस एका अंगाला झुकलेलाच असायचा, दुसऱ्या खांद्याला डब्याची पिशवी.

ह्यात चोरी नव्हती. गेटवर सिक्युरिटीवाले पिशव्या तपासायचे, कॅन मात्र नुसता हलवून बघायचे आणि सोडायचे. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड, पावसाळ्यात चहाच्या रंगाचं. आणि कंपनीत कँटीनबाहेर फिल्टरचं गारेगार पाणी, हवं तेव्हा. मग कोण सोडतंय? आमची दोन्ही मुलं त्याच पाण्यावर वाढली. गल्लीत कुणाला कावीळ झाली की त्या घरची बाई तांब्या घेऊन आमच्या दारात यायची, वहिनी, जरा कंपनीचं द्या म्हणायची. मी ओतून द्यायचे. हे तेव्हा घरात असले तर असा चेहरा करायचे, की जणू विहीर ह्यांनीच खणली आहे. मी चिडवायचे, पगार एक वेळ विसरा पण पाणी आणायला विसरू नका. ते खूश व्हायचे. त्यांना ते चिडवणं कळायचंच नाही.

रिटायर झाले आणि वर्षभरात ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपी होतं, ते त्यांनी माझ्यापासून आणि डॉक्टरांपासून सारख्याच इमानानं लपवलं होतं. डायलिसिसचे हाल झाले, आणि मग माझी एक किडनी काढून ह्यांना बसवली. ऑपरेशनला जाताना मला भीती वाटली नव्हती. लोकांना हे खरं वाटत नाही. भीती नंतर सुरू झाली. आपल्या पोटातली वस्तू दुसऱ्याच्या पोटात ठेवली की ती नीट चालली आहे का हे आपल्याला आतून कळत नाही, सारखं विचारावं लागतं. पाणी किती प्यायलात, लघवी किती झाली, पाय सुजलेत का, एवढंच आमच्या दोघांत बोलणं उरलं होतं.

शरीरानं ती किडनी परकी म्हणून नाकारू नये यासाठी रोज गोळ्या असतात, आणि त्या गोळ्यांनी माणसाची सगळी ताकदच कमी होते. साध्या जुलाबानंही होत्याचं नव्हतं होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर प्यायचं आणि उकळून गार केलेलंच प्यायचं. ह्या किडनीला तहान सोसत नाही आणि घाण तर अजिबात सोसत नाही. मी ते वाक्य मनात कोरून ठेवलं होतं.

अशा माणसानं घरात बसावं की नाही? ह्यांनी गाडी घेतली. शाळेची जुनी मिनीबस. तळवड्यात ह्यांच्या एका दोस्ताचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तिथं दोघांनी मिळून ती आतून रिकामी केली आणि तिचं घर केलं. खिडकीशी बाकडं, त्याचाच पलंग होतो. छोटा ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी. पलंगाखाली पाण्याची स्टीलची टाकी आणि ओट्यावर बारकी तोटी; बटण दाबलं की पंप सुरू होऊन पाणी येतं. तोटीला पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी ह्यांनी मला शेडमधून फोन करून नुसता त्याचा आवाज ऐकवला. गल्लीतली पोरं तिला घरगाडी म्हणायची. मी फिरतं बिऱ्हाड म्हणायचे.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण हॉस्पिटलपासून लांब जायचं नाही या अटीवर. लोक असल्या गाड्या घेऊन लडाखला जातात. आमचं लडाख चाकणच्या पलीकडं भामा आसखेडच्या धरणापाशी संपत होतं. ह्यांना त्याचंही काही वाटलं नाही. नकाशा काढून बसले होते, चाकणचा रस्ता डोळे मिटून सापडेल असा माणूस.

निघायच्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी यायचा वार नव्हता. मी म्हटलं, उद्या टाकी भरून निघू, नाहीतर विकतचे जार आणू. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. वाटेत आपली कंपनी असताना पाणी विकत घ्यायचं? आपली म्हणाले. मी वाद घातला नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. कंपनीचं पाणी म्हटल्यावर शंका घ्यायची सवयच मला नव्हती. सकाळच्या गोळ्यांपुरतं उकळलेलं पाणी एका स्टीलच्या बाटलीत घेतलं आणि आम्ही भोसरी, मोशी करत निघालो. एप्रिल संपत आला होता. ऊन सकाळपासूनच तापलेलं होतं.

कंपनीत आत जाता येणार नव्हतं, ओळखपत्र रिटायर होतानाच जमा केलेलं. पण गेटच्या बाहेर भिंतीला लागून एक नळ होता. माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी कंपनीनं तो कँटीनच्याच लाइनवरून काढला होता, ह्यांच्या डोळ्यांदेखत. घाईच्या दिवशी हे तिथूनच कॅन भरून घ्यायचे. गेटवरचा सिक्युरिटीवाला नवा होता, कंत्राटी, बोलण्यावरून लातूरकडचा. ह्यांनी आपण इथं किती वर्षं काढली ते सांगितलं, तसा त्यानं सलाम ठोकला आणि भरा की काका, त्यात काय इचारायचं, म्हणाला. ह्यांनी पाइप लावून टाकी गळ्यापर्यंत भरली. त्या माणसाच्या मनात काय असेल ते मला आता कळतं. एवढी मोठी गाडी, तिला बाहेरून पाइप लावलेला, म्हणजे धुवायला नाहीतर संडासाला पाणी घेत असतील, असंच कुणालाही वाटणार.

निघताना ह्यांनी मला फोटो काढायला लावला. भिंतीवर मधुमालतीचा वेल चढला होता, त्याच्यापुढं हे उभे, एक हात नळावर. लग्नाच्या फोटोतही हसले नव्हते असे हसत होते.

आंबेठाणच्या रस्त्यानं धरणापाशी पोचलो आणि पाणी दिसेल अशा बेतानं आंब्याच्या झाडाखाली गाडी लावली. मी नियमाची पक्की. तोटीचं पाणी पातेल्यात घेतलं, उकळी आल्यावरही बराच वेळ खळखळू दिलं, मग झाकून खिडकीत वाऱ्याला ठेवलं. आधी चहा झाला, दोघांनी घेतला. पाणी निवल्यावर हे लागोपाठ दोन ग्लास प्यायले आणि म्हणाले, बघ, तीच चव. मला चहातून काही चव कळली नव्हती, तरी मी हो म्हटलं. धरणावरून वारा येत होता, ह्यांचा चेहरा आजारापूर्वीसारखा दिसत होता, आणि मी फार दिवसांनी सुखात होते. कांदेपोहे करावेत म्हणून मी कांदा चिरायला घेतला.

ह्यांनी तो फोटो कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपल्या पाण्यावर प्रवास सुरू. भराभर अंगठे आले. मग फोन वाजला. मेंटेनन्समधला ह्यांचा सोबती, अजून नोकरीत असलेला. ह्यांनी फोन स्पीकरवर लावला. आता कौतुक होणार आणि ते मलाही ऐकू यावं, असं त्यांना वाटलं असणार.

तो म्हणाला, "राव, त्या नळाचं पाणी गाडी धुवायला घेतलं ना?"

हे म्हणाले, प्यायला.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "फोटोत तुमच्या मागं पाइपावर जांभळा पट्टा दिसतोय. ते ईटीपीचं पाणी आहे. झाडांचं. तुम्ही गेल्यावर लाइन बदलली. पाटी लावलीय तिथं, वेलाखाली गेली असेल."

ईटीपी काय असतं हे आमच्या पट्ट्यात घरातल्या बायकांनाही ठाऊक आहे. कंपनीत वापरून खराब झालेलं पाणी तिथं साफ करतात. साफ म्हणजे झाडाला घालण्याइतपत. त्यात ह्यांचं सगळं आयुष्य प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या खात्यात गेलेलं. त्या पाण्यात काय काय उतरतं हे मला कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं, ह्यांना ते पाठ होतं. क्रोम, निकेल, ॲसिडच्या टाक्यांची धुवण. मी म्हटलं, पण मी चांगलं उकळलंय. हे माझ्याकडं बघून अगदी सावकाश म्हणाले, "उकळून जंतू मरतात गं. धातू कुठं मरतो? उलट पाणी आटतं आणि तो तिथंच राहतो."

मी हातातली सुरी तशीच धरून उभी राहिले. आजारपणात मी पुष्कळदा घाबरले होते, पण तेव्हा कुणी ना कुणी डॉक्टर, नर्स शेजारी असायचे. इथं एक आंब्याचं झाड होतं आणि आम्ही. मी ह्यांच्या पोटाकडं बघत होते, उजव्या बाजूला खाली, जिथं माझी किडनी बसवलेली आहे. ती बिचारी आत मुकाट्यानं काम करत असणार, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. चहा मीही प्यायले होते. आम्हा दोघांत मिळून किडन्या दोनच, पण माझ्याकडं राहिलेल्या एकीचा मला विचारसुद्धा आला नाही. हे मोठेपणानं सांगत नाही, खरंच आला नाही.

हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ट्रान्सप्लांटच्या सिस्टरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या शांतपणानं मी जास्तच घाबरले. लगेच निघा, त्या पाण्याचा नमुना घेऊन या, रक्त तपासू, असं त्या म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "पाणी बंद करू नका हं त्यांचं. स्वच्छ पाणी देत राहा. कोरडं पडू द्यायचं नाही."

स्वच्छ पाणी कुठून देऊ? समोर धरण होतं. पलंगाखाली टाकी काठोकाठ भरलेली होती. आणि ह्यांच्या ओठांना लावावं असं घोटभर पाणी माझ्याजवळ नव्हतं. स्टीलची बाटली सकाळी गोळ्यांबरोबर संपली होती. तिच्यातच तोटीचा नमुना भरला, झाकण घट्ट केलं आणि चुकून कुणी पिऊ नये म्हणून वरून माझा रुमाल बांधला. कुणी म्हणजे कोण, आम्ही दोघंच तर होतो.

फाट्यावर एक टपरी लागली. बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या होत्या, नाव कधी न ऐकलेलं. एकीचं झाकण फिरवलं तर ते कडक आवाज न होता सहज निघालं. दुसरी बघितली, तिचंही तसंच. टपरीवाला म्हणाला, काकू, सगळे हेच पितात. मी दोन्ही परत पेटीत ठेवल्या. पुढं एका घरापुढं बोअरचा नळ दिसला. तिथल्या बाईनं न विचारताच कळशी पुढं केली, आणि मी तिला विचारत बसले की बोअर किती खोल आहे, जवळ कुठली कंपनी आहे, तिचं पाणी कुठं सोडतात. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला माझीच लाज वाटली, पण पाणी घेतलं नाही. जन्म ह्या पट्ट्यात काढला, जमिनीखाली काय मुरत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. त्या दुपारी मला कुठलंच पाणी पाणी वाटेना.

हे म्हणत होते, मला तहान नाही. साफ खोटं. बोलताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती, ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, तुम्ही मागं जाऊन आडवे व्हा. हे म्हणाले, मग गाडी कोण चालवणार, तू? मला स्कूटीसुद्धा येत नाही.

चाकणच्या चौकात गाडी थांबली ती थांबलीच. दुपारची शिफ्ट सुटायची वेळ. नव्याकोऱ्या गाड्या लादलेले लांबच लांब ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, मधल्या फटींतून घुसणारे दुचाकीवाले. इथं रोज हेच असतं आणि रोज आम्ही त्याला शिव्या देऊन विसरतो. त्या दिवशी मला तो चौक म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलेलं दार वाटत होता. पत्रा तापला होता. गाडी वीतभर सरकली की मागं टाकीतलं पाणी डचमळायचं, आणि तो आवाज मला सहन होत नव्हता. मी म्हटलं, सोडून द्या ते रस्त्यावर. हे म्हणाले, पाणी सोडायची चावी गाडीच्या खाली आहे, उतरावं लागेल, आणि एवढ्या गर्दीत लोकांच्या पायांवर कुठं सोडायचं ते. मग ते तसंच डचमळत राहिलं.

मी विचारलं, धरणापाशी लघवी झाली होती का. झाली होती म्हणाले. किती झाली? अगं, ती काय मोजून करतात का? रंग कसा होता? त्यावर मात्र ते भडकले. भर चौकात, खिडक्या उघड्या, आणि आमचं कडाक्याचं भांडण जुंपलं, लघवीच्या रंगावरून. शेजारचा रिक्षावाला सभ्य माणूस, त्यानं मान दुसरीकडं वळवली. मी अजून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात ह्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. गरगरतंय जरा, म्हणाले.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. तापलेलं आणि कोरडं. एवढ्या उकाड्यात माणसाला घाम नाही. आता मात्र माझा धीर सुटला. खाली उतरून ओरडावं का, रिक्षात घालावं का, पण रिक्षाही तिथंच अडकलेली. रडू येत होतं आणि येतही नव्हतं. नवस बोलायचंही सुचलं नाही. मी त्या किडनीशीच बोलत होते. मनात म्हणत होते, एवढा वेळ काढ बाई, एवढा चौक पार होऊ दे.

माझ्या बाजूला कंपनीची एक बस येऊन थांबली, खिडकीला खिडकी लागेल इतकी जवळ. सगळ्या बायका, शिफ्ट सुटलेल्या, साडीवर निळे शर्ट. माझ्या समोरची बाई तिशी-पस्तिशीची असेल. मांडीवर डब्याची पिशवी आणि पिशवीतून वर आलेली मोठी पांढरी बाटली, झाकण हरवू नये म्हणून दोरीनं बांधलेलं. मी तिच्याकडं पाणी मागितलं. कसं मागितलं ते शब्द आठवत नाहीत. तिनं माझ्या पलीकडं ह्यांच्याकडं पाहिलं आणि लगेच बाटली खिडकीतून पुढं केली.

"घ्या मावशी. कंपनीचं पाणी हाय."

माझा हात मध्येच थांबला. सगळा संसार मी ह्याच शब्दांच्या भरवशावर केला होता, आणि सकाळी त्याच भरवशानं टाकी भरली होती. मागचे हॉर्न वाजत होते. मी तिला विचारलं, "कुठल्या नळाचं?"

दुसरी कुणी असती तर बाटली मागं घेतली असती. ती म्हणाली, "कँटीनच्या कूलरचं. आताच भरलंय निघताना. घरी लेकरांना रोज हेच नेते मी."

मी बाटली घेतली. दोरी बाजूला केली, झाकण उघडलं आणि आधी माझ्याच तोंडाला लावायला गेले. ह्यांनी डोकं वर केलं आणि माझं मनगट धरलं. म्हणाले, "तू नको. तुझी एकच राहिलीय."

"तुमच्यात आहे तीही माझीच आहे," मी म्हटलं आणि प्यायले.

गार होतं. मी थांबले. काय व्हायची वाट बघत होते देव जाणे. त्या पाण्यात काही असतं तरी ते जिभेला थोडंच कळणार होतं? पण तेवढं केल्यावरच मला ती बाटली त्यांच्या हातात देता आली. ते गटागट प्यायले, हनुवटीवरून ओघळ शर्टात गेले, आणि त्यांचा कंठ खालीवर होताना मी बघत राहिले. बाटली रिकामी होत आली तेव्हा मला त्या बाईची आठवण झाली. वळून बघते तर बसची रांग पुढं सरकली होती. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून हातानं राहू द्या, राहू द्या करत होती. तिच्या लेकरांचं त्या दिवसाचं पाणी आम्ही पिऊन बसलो होतो.

हॉस्पिटलात पोचलो, रक्त घेतलं, रुमाल बांधलेली बाटली लॅबमध्ये गेली. बाकावर बसून मी ह्यांचा हात धरला होता, इतका घट्ट की त्यांनी दोनदा सोडवून घेतला. रिपोर्ट आला तेव्हा किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, वाढलेला होता. त्यांना भरती करून सलाइन लावलं. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, दिवसभरात पाणी किती गेलं पोटात? मी सगळं सांगितलं, टपरी, बोअर, बस. ते म्हणाले, दोन ग्लासांनी इतक्या लवकर असं सहसा होत नाही, नमुन्याचा रिपोर्ट येऊ दे. पण पेशंट कोरडा पडला होता, आणि आकडा त्यानंही वाढतो. वाटेत ती बाटली मिळाली ते बरं झालं.

पुढचे काही दिवस आकडा हळूहळू उतरत गेला. रोज सकाळी नर्स रक्त घ्यायला यायची आणि रोज दुपारपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्या पाण्याचाही रिपोर्ट आला. धातू मर्यादेत होते, आणि खाली लिहिलं होतं, पिण्यास अयोग्य. मग माझी किडनी दुखावली ती कशानं? त्या पाण्यानं, तहानेनं, की मी कुठलंच पाणी पुढं येऊ दिलं नाही त्यानं? डॉक्टर ते सांगू शकले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही, उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

मेंटेनन्सच्या सोबत्यानं कंपनीत सांगून वेल छाटून घेतला आणि पाटीचा फोटो पाठवला. लाल अक्षरांत, ठळक. हे त्या फोटोकडं बराच वेळ बघत बसले, मग फोन पालथा ठेवला. आपली कंपनी असं ते त्यानंतर म्हटलेले मला आठवत नाही. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पण एवढा अभिमान असलेला माणूस असा गप्प झालेला बघवत नाही.

ती पांढरी बाटली परत करायची राहूनच गेली. बसवर कुठल्या कंपनीचं नाव होतं ते आम्ही पाहिलंच नव्हतं, आणि चाकणात निळ्या शर्टाच्या बायका कमी आहेत का? बाटली गाडीत ओट्याच्या कोपऱ्यात असते. दोरी तशीच आहे.

पावसाळ्यानंतर ह्यांनी पुन्हा गाडी काढली. मी नको म्हणाले नाही. घरात बसूनही मी तेवढीच घाबरलेली असते. टाकीचं पाणी आता हातपाय धुवायला आणि भांड्यांना. प्यायचं पाणी घरी उकळून मी स्वतः भरते, स्वतः झाकते आणि वाटेत कुणाला हात लावू देत नाही. तरीही कुठं थांबलो की पहिला घोट मी घेते. डॉक्टर हसले होते, म्हणाले होते, असं काही कळत नसतं हो. मला ते ठाऊक आहे. पण माझ्या पोटातून गेल्याशिवाय ते पाणी त्यांच्या पोटात जावं हे मला सोसत नाही.

मी पिते तेव्हा हे माझ्या तोंडाकडं बघत असतात. कसं आहे, विचारतात. मी चांगलं आहे म्हणते, मग ते ग्लास घेतात. त्यानंतर मी ओट्यापाशी काहीतरी आवरत राहते, पुसलेलं भांडं परत पुसते. हे खाली उतरून झाडाआड जाऊन येतात. पूर्वी ह्याच प्रश्नावर भर चौकात भांडले होते, आता पायरीवर पाय ठेवतानाच, मी विचारायच्या आत सांगतात, "झाली गं. स्वच्छ आहे."